डोळे मिटून पंधरा मिनिटे

रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याकडून गतवर्षी आम्हांला एक पत्र आले. कामगारांवरील ताण कमी व्हावा, गैरहजेरी घटावी व कामाचा दर्जा वाढावा, यासाठी व्यवस्थापनाने काही कार्यक्रम योजले आहेत. एका योगशिक्षकांचे शिबिर नुकतेच पार पडले असून आता 'ख्रिस्ती परंपरेतील ध्यान' या विषयावर आपण अर्धा तास बोलावे आणि पंधरा मिनिटे प्रत्यक्ष ध्यान घ्यावे, असा मजकूर होता. खाली कार्मिक अधिकाऱ्यांची सही होती. आम्ही उलट टपाली होकार कळवला. खरे सांगायचे तर मनातून सुखावलो होतो. पेणपासून रोह्यापर्यंतच्या पट्ट्यात आपली कुटुंबे विखुरलेली. दाखल्यावर सही हवी असली किंवा घरात दुखणे आले, की फादरची आठवण होते. कारखान्याने बोलवावे, हे नवलच.

कार्यक्रम कँटीनमध्ये झाला. पहिली पाळी सुटण्याच्या आणि दुसरी लागण्याच्या संधीला चाळीसेक माणसे आणून बसवली होती. आम्ही अरण्यवासी ख्रिस्ती तपस्व्यांची माहिती सांगितली, श्वासाबरोबर एखादा लहानसा शब्द मनात धरण्याची त्यांची रीत सांगितली आणि मग सर्वांना डोळे मिटावयास लावले. पाच मिनिटांत मागच्या रांगेतून घोरणे ऐकू आले. सुपरवायझर खाकरले. अधिकारीवर्ग दाराशी उभा राहून पाहत होता; त्यांच्यापैकी कोणी बसले नाही, हे आमच्या तेव्हा लक्षात आले, परंतु त्याचे काही वाटले नाही. शेवटी शाल, श्रीफळ आणि चहा झाला. कार्यक्रम उत्तम झाला, असे समजून आम्ही परतलो.

त्या चाळिसांत आपल्या धर्मग्रामातील एक गृहस्थ होते. रिअ‍ॅक्टरवर ऑपरेटर म्हणून वीस वर्षे काम करतात. पुढच्याच आठवड्यात त्यांच्या रोह्यातील घरी जाण्याचा योग आला. पानावर तांदळाची भाकरी आणि सुकट होती. जेवताना ते म्हणाले, "फादर, राग मानू नका. तुम्ही बसवलंत, ते बरं वाटलं. पण आमच्या प्लांटवर एका पाळीला तिघं असायचो, आता दोघंच आहोत. रिलिव्हर आला नाही, की डबल मारावी लागते. सोळा तास. त्यात पंधरा मिनिटं डोळे मिटले, तर ती कुठल्या हिशेबात धरायची?" त्यांच्या पत्नी भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, "ह्यांना कशाला शिकवायला हवं ध्यान? जेवतानाच डोळे मिटतात ह्यांचे." सगळे हसले. आम्हीही हसलो, पण उत्तर सुचले नव्हते, ही गोष्ट आम्हांला चांगलीच जाणवली.

याच सुमारास आणखी एक प्रकार घडला. पेणच्या डॉक्टरांकडे सहज म्हणून गेलो असता त्यांनी आमच्या दंडाला पट्टा बांधला, दोनदा तपासले आणि १६० वर १०० असा आकडा सांगितला. दुसऱ्यांना शांती शिकवून आठ दिवसही झाले नव्हते! आम्ही ओशाळून विचारले, "ध्यानाने उतरणार नाही का?" डॉक्टर म्हणाले, "फादर, ध्यान अवश्य करा. पण गोळीच्या बरोबर. गोळीच्या ऐवजी नको."

ध्यान करा, असे ते म्हणाले खरे. परंतु आम्ही ते करीत होतो कुठे? गोरेगावच्या सेमिनरीत असताना पहाटे अर्धा तास मौनध्यान असे. बाकावर बसल्या बसल्या मान खाली जाई आणि शेजारचा कोपराने ढोसत असे. तरीही त्या अर्ध्या तासाची गोडी पुढे खरोखरच लागली होती. गुरुदीक्षा झाली, धर्मग्राम आले, शाळेची कामे, छपराची डागडुजी, लग्ने, मयती यांत अर्ध्या तासाची पंधरा मिनिटे झाली. मग गाडी चालवता चालवता जपमाळ. आणि वडखळच्या वाहतुकीत तीही अर्ध्यावर सुटू लागली. धाटावला आम्ही जे शिकवून आलो, ते तीस वर्षांपूर्वीच्या शिदोरीतून.

तेव्हा या विषयात खरे काय आहे, हे पाहावे असे मनाने घेतले. आमचे शिक्षण तत्त्वज्ञान व ईशज्ञान यांचे. रक्तदाबाशी आणि आकडेशास्त्राशी आमचा संबंध नाही. परंतु आपल्याच एका कुटुंबातील मुलगी वैद्यकीय शिक्षण घेत आहे. तिने काही मूळ संशोधन-निबंध छापून आणून दिले आणि दोन रविवार आमची शिकवणी घेतली.

या संशोधनाची सुरुवात आपल्या अगदी घाटमाथ्यावर झाली, हे आम्हांला ठाऊक नव्हते. खोपोलीवरून बोरघाट चढून गेले की लोणावळा. तेथे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापिले आणि योगक्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो, हे उपकरणे लावून मोजण्यास आरंभ केला. 'योगमीमांसा' हे त्यांचे नियतकालिकही त्याच वर्षीचे. पुढे त्याच लोणावळ्यात मुंबईत जन्मलेले येशूसंघीय फादर अँथनी डिमेलो यांचे 'साधना' केंद्र आले. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या त्याच नावाच्या पुस्तकावरून आमच्या पिढीतील कितीतरी धर्मगुरू श्वासाकडे पाहावयास शिकले.

अमेरिकेत या विषयाला वैद्यकीय वर्तुळात प्रतिष्ठा मिळवून दिली ती हार्वर्डचे हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट बेन्सन यांनी. एखादा शब्द श्वासागणिक मनात घोळवत, विचार आले तर आले, त्यांच्याशी न झगडता स्वस्थ बसले असता प्राणवायूची गरज घटते व श्वसन मंदावते, असे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१-७२ च्या सुमारास दाखवले. परंतु आमचे लक्ष वेधले ते त्यांच्या १९७७ सालच्या एका निबंधाने. कारण तो थेट कचेरीत काम करणाऱ्या माणसांविषयी आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका कंपनीच्या मुख्य कचेरीतील १२६ जण स्वखुशीने प्रयोगात आले. बारा आठवडे त्यांनी आपापली नोंद ठेवली. पहिले चार आठवडे नुसती नोंद. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे तीन गट पाडले. एकाला ध्यानाची रीत शिकवली. दुसऱ्याला रीत वगैरे काही नाही, नुसते शांत बसा म्हणून सांगितले. तिसऱ्याला काहीच सांगितले नाही. पहिल्या दोन गटांनी दिवसातून दोन वेळा पंधरा-पंधरा मिनिटे घ्यायची होती.

आठ आठवड्यांनंतर दुखण्याखुपण्याच्या तक्रारी, आजारपणाचे दिवस, कामाची क्षमता आणि माणसांतील वागणे, या बाबतींत ध्यान करणारा गट काहीच न करणाऱ्यांच्या स्पष्टपणे पुढे गेला. नुसते बसणारे मधोमध राहिले. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा बसणाऱ्यांना विशेष लाभ झाला नाही; उलट रोज दोन वेळा बसणे पुष्कळांना गरजेपेक्षा जास्तच होते, असेही आढळले. हा सारा हिशेब माणसांनी स्वतःच स्वतःविषयी लिहिलेला आहे, एवढे ध्यानात ठेवावे लागते. पण एक गोष्ट वाचून आम्ही थबकलो. पाच मोजमापांपैकी पाचवे सुखाचे होते, आणि त्यात तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. डोकेदुखी कमी झाली, काम सुधारले. सुख मात्र ध्यान करणाऱ्यांचे आणि न करणाऱ्यांचे सारखेच राहिले. ती विद्यार्थिनी म्हणाली, "फादर, सुख मोजणं कठीणच असतं." असेलही.

२००१ सालच्या एका निबंधाविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. इटलीतील पाविया येथील डॉ. बर्नार्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांना एकदा लॅटिन भाषेतून जपमाळेची 'नमो मरिये' म्हणावयास लावली आणि एकदा बौद्धांचा एक मंत्र. दोन्ही वेळी श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येऊन स्थिरावला आणि हृदय व रक्तदाब यांचा परस्पर मेळ सुधारला. अर्धी प्रार्थना एकाने म्हणावी व उरलेली इतरांनी, या जुन्या रिवाजात एक फेरी सुमारे दहा सेकंदांची होते, हे त्याचे इंगित. ही बातमी आम्ही एका वाडीत सांगितली, तेव्हा एक आजीबाई म्हणाल्या, "म्हणजे आमचे आजे मूर्ख नव्हते तर!" नव्हतेच. मात्र आपल्याकडे हल्ली जपमाळ ज्या वेगाने आटोपली जाते, जणू स्टेशनवर दिव्याची गाडी येऊन उभी आहे, त्या वेगाने रक्तदाब उतरण्याऐवजी चढत असावा, अशी आम्हांला शंका आहे.

येथवर वाचून आमची छाती पुन्हा थोडी फुगली होती. पुढचे निबंध ती खाली आणणारे निघाले.

विस्कॉन्सिन येथील एका जैवतंत्रज्ञान कंपनीतील कर्मचाऱ्यांवरचा २००३ सालचा प्रयोग पुष्कळ गाजला. आठ आठवडे ध्यान शिकलेल्यांच्या शरीराने फ्लूच्या लसीला अधिक चांगला प्रतिसाद दिला, असे त्यात दिसले. परंतु ध्यान करणारे होते पंचवीस आणि तुलनेसाठी सोळा. २०१४ साली डॉ. माधव गोयल व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ४७ चाचण्या, एकूण ३,५१५ माणसे, एकत्र करून पाहिल्या. चिंता, खिन्नता व वेदना यांत मध्यम प्रतीचा आधार सापडला. व्यायाम, औषध वा अन्य उपचार यांपेक्षा ध्यान सरस ठरते, असा आधार सापडला नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ साली जे म्हटले, ते आमच्या पेणच्या डॉक्टरांनी दोन वाक्यांत सांगितलेच होते. आम्ही गोळी सुरू केली.

२०१८ सालच्या एका अभ्यासात तर अशी गंमत आढळली, की पंधरा-एक मिनिटे ध्यान करून उठलेल्या माणसाला पुढचे काम करण्याची उत्सुकताच कमी वाटते. काम मात्र होते तितकेच होते. व्यवस्थापकांनी हे वाचले असते तर आमचे शाल-श्रीफळ हुकले असते.

परंतु ज्या निबंधाने आम्हांला त्या भाकरीच्या पानासमोर पुन्हा आणून बसवले, तो २०२४ सालचा. ऑक्सफर्डचे संशोधक विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधील २३३ संस्थांतील ४६,३३६ कामगारांची माहिती तपासली. मालकांनी योजलेले ध्यानवर्ग, ताण-नियोजनाची शिबिरे, मनःशांतीची मोबाईल ॲप असल्या कार्यक्रमांत भाग घेतलेले आणि न घेतलेले, यांच्या स्वास्थ्यात त्यांना फरक दिसला नाही. ही एका वेळची पाहणी आहे, प्रयोग नव्हे. तरी तिचा आकार मोठा आहे. फ्लेमिंग यांचे म्हणणे असे, की माणसाला बदलू पाहण्यापेक्षा कामाचे तास, मनुष्यबळ आणि कामाची रचना यांकडे पाहावे. थोडक्यात, रिलिव्हर द्यावा. आमच्या ऑपरेटरांनी ४६,३३६ माणसे न तपासता हेच सांगितले होते.

त्या पाहणीत एक अपवाद निघाला. ज्यांना संस्थेने समाजासाठी काही निरपेक्ष काम करण्याची संधी दिली, त्यांचे स्वास्थ्य बरे आढळले. हे वाचताना आम्हांला रोहाच आठवले. स्वाध्याय परिवाराचे पांडुरंगशास्त्री आठवले १९२० साली रोह्यात जन्मले. १९९७ साली त्यांना टेम्पलटन पुरस्कार मिळाला. योगेश्वर कृषी ही त्यांची कल्पना: गावाने एक शेत राखावे, प्रत्येकाने पाळीपाळीने येऊन तेथे पुजारी म्हणून राबावे, आणि पीक देवाचे समजून गरजूकडे जावे. त्यांच्या सर्व विचारांशी आपण सहमत असू नसू. पण 'पाळी' हा शब्द धाटावलाही आहे आणि त्या शेतातही, आणि दोन्हीकडून माणूस सारख्याच अवस्थेत घरी जात नाही.

तसेच विनोबा. त्यांचा जन्म १८९५ चा, पेण तालुक्यातील गागोद्याचा. १९३८ साली प्रकृती पार खालावली असता ते पवनारला गेले, सारी कामे व चिंता मनातून टाकल्या आणि कुदळ घेऊन जमीन खणू लागले. सुरुवातीला काही मिनिटे, मग वाढवत वाढवत तासनतास. खणताना मनात दुसरे काही नाही. प्रकृती सुधारली. पण कुदळ कधी खाली ठेवायची, हे विनोबा स्वतः ठरवीत होते. आमच्या ऑपरेटरांना ती मुभा नाही.

पेणला राहणाऱ्याला हे समजावयास पुस्तकाची गरज पडू नये. आषाढ-श्रावणात येथल्या आणि हमरापूर-जोह्याच्या गणपती-कारखान्यांत रात्र-रात्र दिवे जळत असतात. साचे, घासकाम, रंग, सगळीकडे लगबग. परंतु मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा माणूस निराळा बसतो. ओळखीच्या एका कारखान्यात आम्ही त्या वृद्ध कारागिरांना पाहत उभे राहिलो होतो. ब्रश उचलला, की श्वास धरत, रेघ पुरी झाली की सोडत. मालकाने रेडिओ बंद करवला होता आणि पोरांना त्या बाजूला फिरकू देत नव्हता. आम्ही विचारले, "दिवसाला किती होतात?" ते म्हणाले, "मोजत नाही. घाई केली, तर मूर्ती रागावलेली दिसते." जेथे मालकाला डोळ्यांची किंमत कळते, तेथे शांतता तो कामातच ठेवतो, बाहेरून फादर बोलवावा लागत नाही.

आणि मालक स्वतः बसला तर काय होते, याचेही एक उदाहरण आहे. इगतपुरीचे विपश्यना केंद्र आपल्या वाचकांना ठाऊक असेल. १९७६ पासून तेथे दहा दिवसांची शिबिरे होतात. त्याचे प्रवर्तक सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशातील व्यापारी. अर्धशिशीने बेजार होऊन ते ज्यांच्याकडे गेले, ते ऊ बा खिन कोणी संन्यासी नव्हते. १९४८ साली स्वतंत्र झालेल्या ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते. दिवसभर सरकारी हिशेब पाहायचे आणि आपल्याच कचेरीतील माणसांना ध्यान शिकवायचे. साहेब आधी बसे, मग कारकून. गोयंकांनी डोकेदुखीसाठी आलो, असे सांगताच त्यांनी प्रथम नकार दिला होता. चित्तशुद्धीसाठी येणार असाल तर या. डोके बरे झाले तर तो वरचा लाभ, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्या पवित्र सभेनेही १५ ऑक्टोबर १९८९ च्या ख्रिस्ती ध्यानाविषयीच्या पत्रात शरीराला वाटणारी स्वस्थता म्हणजेच पवित्र आत्म्याचे सांत्वन, असे समजू नका, म्हणून बजावले होते. सेमिनरीत ते पत्र आम्हांला रुक्ष वाटले होते. आता तसे वाटत नाही.

हे सारे वाचून होत असतानाच एके सकाळी फोन आला. आमचे ते गृहस्थ डबल पाळी करून मोटारसायकलवरून घरी येत होते. क्षणभर डुलकी लागली आणि गाडी रस्त्याकडेच्या चरात गेली. मनगट मोडले, डोके वाचले. आम्ही भेटायला गेलो, तेव्हा प्लास्टर घातलेला हात उशीवर ठेवून ते म्हणाले, "फादर, ध्यान लागलं होतं." या वेळी त्यांच्या पत्नी हसल्या नाहीत.

चार दिवसांनी कारखान्याचे दुसरे पत्र आले. डिसेंबरात पुन्हा एक कार्यक्रम घ्यावा, म्हणून. आम्ही उत्तर लिहिले. अवश्य येऊ, परंतु दोन विनंत्या आहेत: अधिकाऱ्यांनीही कामगारांबरोबर खाली बसावे, आणि ज्या प्लांटवर तिसरा माणूस कमी झाला आहे, तेथे तो परत मिळावा, निदान एका माणसाला लागोपाठ दोन पाळ्या देऊ नयेत. पत्र पेटीत टाकण्यापूर्वी ऑपरेटरांना वाचून दाखवले, कारण परिणाम त्यांना भोगावा लागला असता. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "माझं नाव नाही ना त्यात? मग टाका."

पंधरा दिवसांनी उत्तर आले. पहिली सूचना विचारार्थ ठेवली आहे. दुसरी बाब प्रशासकीय स्वरूपाची आहे. तूर्त कार्यक्रम पुढे ढकलण्यात येत आहे. त्यानंतर पत्र नाही. तिसरा माणूस आजही आलेला नाही. मात्र मध्यंतरी त्यांच्या प्लांटवर डबलच्या आधी विचारू लागले आहेत, असे कळते. आमच्या पत्रामुळे की अपघातामुळे, कोण जाणे.

आमची गोळी चालू आहे. पहाटेचा अर्धा तासही पुन्हा सुरू केला आहे; रोज जमत नाही, आठवड्यातून चार-पाच दिवस जमतो. आणि गुरुवारी संध्याकाळी, रोह्याला जाणे झाले, तर त्यांच्या ओटीवर चार-सहा जण जमतो. त्यांच्या पत्नी असतात, शेजारचे एक वारकरी आजोबा असतात, पाळीवरून परतलेले दोघे-तिघे असतात. पंधरा मिनिटे बसतो. हटकून कोणीतरी घोरू लागते. आम्ही उठवत नाही.